आतला पिंजारी

हे कोणाच्या हाती पडलंच तर आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं आहे की मीच लिहिलेली किराण्याची चिठ्ठी दुकानात गेल्यावर मला लागत नाही. नातीची अर्धी कोरी राहिलेली वही मागून घेतली आहे. कशाला पाहिजे म्हणाली, तर काहीतरी पुटपुटले. रशीदाभाभींबद्दल लिहायचं आहे असं सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, कोण रशीदाभाभी? ते मला तोंडाने सांगता आलं नसतं.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे नवी गादी आली. मुलाने फोनवरून मागवली. खोक्यातून एक गुंडाळी निघाली. त्याने प्लास्टिक कापलं तशी ती हुस्स करत आपली आपणच फुगायला लागली. सून हसत होती, नात तिच्यावर उड्या मारत होती. मी भिंतीला टेकून बघत राहिले. कोणी पिंजली नाही, कोणी टाके घातले नाहीत, आणि गादी तयार.

"आई, ती जुनी कापसाची आता घंटागाडीत देऊन टाकू," सून म्हणाली.

"राहू दे. मी खाली टाकून झोपते," मी म्हटलं.

त्या जुन्या गादीच्या एका कोपऱ्यातला टाका सैल आहे. तो मी आजवर आवळला नाही.

सातपूरला आमच्या वसाहतीच्या मागच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड होती. एका बाजूला वेल्डिंगवाला, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला, आणि मध्ये भाभींचं गाद्या पिंजायचं दुकान. पाटी नव्हती. दारात उन्हाला टाकलेल्या गाद्या हीच पाटी. भाभी मूळच्या मालेगावच्या, जातीने पिंजारी. नवरा गेल्यावर मशीन त्यांनीच चालवायला घेतलं. एक मुलगी, नसीम, ती मालेगावलाच दिलेली. जावई यंत्रमागावर.

माझ्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, कंपनीने तेव्हा माणसं कमी केली होती आणि मला काम हवं होतं. धुणीभांडी करायला हरकत नव्हती, पण त्यासाठी घरोघर जाऊन विचारावं लागतं, आणि मला विचारता येत नाही. मी भाभींच्या दुकानावरून नुसती येत-जात राहिले. शेवटी त्यांनीच हाक मारली.

"ए बाई, काम पाहिजे का गादी पाहिजे?"

मी मान हलवली.

"अगं पण कशाला हलवली? कामाला का गादीला?"

मला हसू आलं. त्यांनी तिथेच पोतं अंथरलं, एक जुनी गादी माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाल्या, "बस. उसव."

पुढे कितीतरी वर्षं मी तिथे गाद्या उसवल्या आणि खोळी शिवल्या. मशीन सुरू झालं की कोणाचं कोणाला ऐकू येत नसे. कापूस उडतो म्हणून तोंडाला फडकं बांधायचं. "इथे तोंड उघडलं की कापूस आत जातो," भाभी म्हणाल्या होत्या. "तुझ्यासारखीला तर जन्नत आहे ही." आमचं सगळं खुणांवर चालायचं. दोन बोटं दाखवली की कापूस आण. तळहात छातीवर ठेवला की मशीन बंद, चहा. मला आयुष्यात कुठे इतकं मोकळं वाटलं नाही.

संध्याकाळपर्यंत भाभींच्या भुवयांवर, पापण्यांवर, मिशीच्या लवेवर कापूस बसायचा. म्हातारी दिसायची बाई. मग नळाखाली तोंड धुतलं की पुन्हा चाळिशीची व्हायची. हात मात्र पुरुषासारखे, रुंद. दाभण म्हणजे गादीची ती वीतभर लांब सुई. भाभी ती एका दाबात गादीच्या आरपार काढायच्या, मग दोरा दातात धरून गाठ मारायच्या. गिऱ्हाईकाला सांगायच्या, "माझी गाठ सोडवायला जाऊ नका. सुटत नाही, कापावी लागते." यात बढाई नव्हती. मी स्वतः उसवताना कात्री घ्यायचे.

गादीवरून त्यांना घर कळायचं. कोण कोणत्या कुशीवर झोपतं, कोणाकडे आजारी माणूस आहे, कोण रात्री खात खात टीव्ही बघतं. कोणाला सांगायच्या नाहीत. एकदा एक म्हातारी आली, नवरा जाऊन थोडे दिवस झाले होते. गादीच्या एका अंगाला मोठा खड्डा, माणसाच्या आकाराचा. भाभींनी गादीवर हात फिरवला आणि हळू विचारलं, "आजी, ही बाजू तशीच ठेवू का? काही लोकांना ठेवायची असते."

आजी म्हणाली, "भर गं बाई, चांगली ठासून भर. पन्नास वर्षं त्या खड्ड्यात घरंगळतेय मी."

भाभी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दिवसभर मशीन चालू असताना मध्येच माझ्याकडे बघून हाताने घरंगळण्याची खूण करायच्या.

त्यांचं एकच मोठं मत होतं, आणि ते मी अनेकदा ऐकलं. लोक दबून काळी पडलेली, दगडासारखी गादी आणायचे आणि विचारायचे, हिचं काही होईल का? भाभी मूठभर कापूस काढून बोटांनी विंचरायच्या. तो हळूहळू उठायचा. "बघा. कापूस दमतो, मरत नाही. गादी कधी मरत नसते. पिंजली की उठते." हे त्या देवाचं वचन सांगावं तसं सांगायच्या.

त्यांचं नुकसान याच वाक्याने केलं.

एका वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी त्यांची बोटं सुजली. सकाळी मुठी वळायच्या नाहीत. दुकान उघडायला आल्या की किल्ली माझ्या हातात द्यायच्या, "तू उघड, मला चष्मा नाही." चष्मा नाकावरच असायचा. मग दाभण माझ्याकडे आली. मग चहाचा ग्लास दोन्ही तळहातांत धरून प्यायला लागल्या, लहान मूल पितं तसं. मनगटं सुजली, गुडघे सुजले. गंमत अशी की डावीकडे जे व्हायचं तेच उजवीकडे. "माझं दुखणं पण हिशेबाने आहे," म्हणायच्या, "दोन्ही हातांना सारखं वाटून."

जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथला माणूस खरा डॉक्टर होता की नाही देव जाणे. त्याने गुडघा दाबून सांगितलं, "गादी झिजलीय."

भाभी परत आल्या त्या हसतच. "ऐकलंस का सिंधू? माझ्या गुडघ्यातली गादी झिजली. आणि हे तो मला सांगतो."

"मग आता?" मी विचारलं.

"मग काय? गादीच ना? आपला धंदाच तो."

त्या माणसाने पुड्या दिल्या होत्या. पुडी घेतली की चार तास त्या उड्या मारत काम करायच्या. पण त्यांचा तोंडवळा हळूहळू गोल, फुगीर झाला. मी म्हटलं, भाभी, मोठ्या दवाखान्यात जाऊ. मी असं स्वतःहून क्वचितच काही बोलते, म्हणून त्यांनी ऐकून घेतलं. मग बाहेर बघितलं. आभाळ भरून आलं होतं.

"आता नको. पावसाळ्यात गादीला हात लावत नाहीत. दमट कापूस पिंजला तर गोळे होतात. ऊन पडू दे."

हे आमच्या धंद्यात खरंच आहे. पावसाळ्यात आम्ही गाद्या घेत नसू. त्यामुळे मलाही त्यात चूक दिसली नाही. आता हे लिहिताना हात थांबतो. दोन बायका पाऊस संपायची वाट बघत बसल्या, आणि गुडघ्याच्या आत काय चाललं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर ऊन पडलं. भाभी रोज सकाळी दारात खाट टाकून, साडी मांडीपर्यंत सरकवून गुडघ्यांना ऊन द्यायच्या. वेल्डिंगवाला तोंड फिरवून बसायचा. हातही पुढे करून ठेवायच्या, पालथे आणि मग उताणे, गादी उलटतो तसे. एकदा मी गेले तेव्हा त्या गादी झोडायच्या काठीने गुडघ्यावर हलके हलके मारत होत्या.

"भाभी, हे काय?"

"मोकळी होते गं. आत गोळे झालेत."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या मारत होत्या.

मग कोणीतरी शहरातल्या एका दवाखान्याचं सांगितलं, तिथे इंजेक्शनने गादी भरतात. हा शब्दच भाभींना पुरेसा होता. भरतात. खर्च मोठा होता. आमचा बायकांचा बचत गट आहे, वसाहतीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत महिन्याला बैठक होते. भाभी त्यात होत्या. त्यांनी कर्ज मागितलं. गटाच्या अध्यक्ष सुलोचनाताई, बोलायला फटकळ पण मनाने वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "देऊ की. पण परत कधी देणार?"

भाभी म्हणाल्या, "गादी भरली की लगेच. मग बघा, सगळ्यांच्या गाद्या पिंजून देते."

सगळ्या हसल्या. भाभीही हसल्या. सह्या झाल्या. भाभींना पेन धरता येईना, त्यांनी अंगठा दिला. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला तर सही येते ना?" तर म्हणाल्या, "आज अंगठाच बरा आहे, बाकीची बोटं सुट्टीवर."

इंजेक्शनं झाली. थोडे दिवस बरं वाटलं, की वाटून घेतलं, मला सांगता येत नाही. मग गुडघे पुन्हा सुजले, पहिल्यापेक्षा जास्त. त्या दवाखान्यात म्हणाले, अजून एक कोर्स करा. तेवढे पैसे नव्हते. तेव्हा कुठे आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. रांग मोठी असूनही त्यांनी भाभींचं एकेक बोट धरून बघितलं. रक्त तपासायला दिलं, फोटो काढायला लावला. हा संधिवातातला वाईट प्रकार आहे, म्हणाल्या. मग फोटोची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"दोन हाडांच्या मध्ये अशी काळी फट दिसायला पाहिजे. ती गादीची जागा. इथे बघा, हाडाला हाड टेकलंय."

भाभी म्हणाल्या, "दबलीय ती. पिंजायची काही सोय असेल ना?"

मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. "काकू, ही गादी कापसाची नसते. तिच्यात जिवंत पेशी असतात. फार थोड्या, एकमेकींपासून लांब लांब, आपापल्या जागेत बसलेल्या. त्याच ही गादी बनवतात आणि त्याच ती राखतात. तुमच्या आजारात शरीर आपल्याच सांध्यावर चालून जातं. त्या मारामारीत या पेशी मरतात. मेल्या की नवीन तयार होत नाहीत म्हणा. मग गादीकडे बघणारं कोणी राहत नाही आणि ती विरत जाते."

भाभी बराच वेळ फिल्मकडे बघत होत्या. मागची बाई मला ढोसत होती, आटपा म्हणून.

"म्हणजे आत पण पिंजारी असतो," भाभी म्हणाल्या.

"तुम्ही काय काम करता?"

"गाद्या पिंजते."

"मग हो. तसंच आहे."

"आणि तो पिंजारीच मेला."

"बरेच मेलेत. या गोळ्यांनी मारामारी कमी होईल, बाकीचे सांधे वाचवायचा प्रयत्न करू. जे मेले ते मी परत आणू शकत नाही. तुम्ही आधी का नाही आलात? सूज कधी सुरू झाली?"

"मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर."

"तेव्हाच आला असता तर खूप काही वाचवता आलं असतं."

भाभींनी माझ्याकडे बघितलं. "पावसाळ्यात गादीला हात लावत नाहीत," त्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंना वाटलं असेल म्हातारीला समजलं नाही. त्यांनी गोळी कशी घ्यायची ते मला समजावलं. आठवड्यातून एकदाच, रोज नाही, हे तीनदा सांगितलं.

परतीच्या बसमध्ये भाभी खिडकीशी बसल्या होत्या. सातपूर येईपर्यंत एकदाच बोलल्या. "माझ्या नवऱ्याने जन्मात माझ्यावर हात उचलला नाही. आणि माझं स्वतःचं अंग आतून मला मारतंय. का गं?"

मी त्यांच्या मांडीवरून घसरणारी औषधांची पिशवी सावरून धरली.

गोळ्यांनी सूज उतरली, हे खरं. मधूनमधून यायचा तो तापही येईनासा झाला. पण बोटं करंगळीच्या बाजूला कलली ती कललीच, वाऱ्याने ज्वारी एका अंगाला पडते तशी. नमाज खुर्चीत बसून व्हायला लागली. दुआला हात उचलले की ना ओंजळ व्हायची ना मूठ, मधलंच काहीतरी. एकदा तशाच हातांकडे बघत म्हणाल्या, "अल्लाह पण विचारत असेल, ही बाई मागतेय का देतेय?"

दुकान चालवायला बघितलं आम्ही. त्या स्टुलावर बसून सांगायच्या, मी करायचे. पण माझ्या हाताला ती ताकद नाही आणि गिऱ्हाइकाशी मला बोलता येत नाही. भाव करायला कोणी लागलं की मी हो म्हणून टाकायचे. शिवाय लोक दुकानातून फोमच्या गाद्या घ्यायला लागले होते. उन्हाला टाकलेल्या गाद्या कमी कमी होत गेल्या आणि एक दिवस दारात फक्त ऊन राहिलं.

शेवटची गादी पिंजली ती माझ्या घरची. भाभींनीच आग्रह केला. मी सगळे टाके घातले, एक कोपरा राहिला. "तो मला दे," त्या म्हणाल्या. दाभण मी आरपार काढून दिली. त्यांनी दोरा दातात धरला, दुसरं टोक दोन मनगटांमध्ये पकडलं, आणि कितीतरी वेळ झटापट करून गाठ मारली. घाम आला होता. मग मला म्हणाल्या, "सोडव."

"कशाला, भाभी?"

"सोडव म्हणते ना."

मी नखाने नुसतं धरलं आणि गाठ उलगडली. मीच पुन्हा दोऱ्याची टोकं त्यांच्या हातात दिली, त्यांनी पुन्हा तशीच बांधली, आणि या वेळी मी हात लावला नाही. ती अजून तशीच आहे.

गटाचे हप्ते थकले होते. बैठकीत कुजबुज व्हायची. सुलोचनाताईंनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, "त्यांची तब्येत समजते गं, पण पैसा गटाचा आहे, गरीब बायकांचा आहे." मी भाभींना सांगितलं नाही. त्यांना कोणीतरी सांगितलंच. पुढच्या आठवड्यात त्यांनी मालेगावहून एक माणूस बोलावला आणि मशीन विकून टाकलं.

तो टेम्पो घेऊन आला. मशीन चढवताना भाभी शेडच्या दारात उभ्या होत्या. त्या स्वतःही त्याच टेम्पोने मालेगावला निघाल्या होत्या, नसीमकडे, कायमच्या. तो माणूस म्हणाला, "मौसी, तुम्ही पुढे बसा, ड्रायव्हरजवळ."

"मशीनचं आणि माझं भाडं एकच धर," भाभी म्हणाल्या. "दोन्ही बंदच आहेत."

तो हसला. त्याला विनोद वाटला.

दोघांनी धरून त्यांना वर चढवलं. चढताना चपला खाली पडल्या. मी उचलून पायात घातल्या. पाय थंड होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला बघितला, पण तळहात पसरेना, म्हणून उलटाच ठेवला, बोटांच्या गाठींचा भाग. तो माझ्या केसांना टेकला. मग मान हलवून सांगितलं, जा. टेम्पो मुंबई-आग्रा रस्त्याच्या दिशेने गेला. मागच्या फळीतून मशीनचा पट्टा लोंबत होता, त्याला अजून कापूस चिकटलेला होता.

नसीमचा कधीमधी फोन येतो. भाभींना फोन धरता येत नाही, नसीम त्यांच्या कानाशी धरते. मला काही सुचत नाही, त्याही बोलत नाहीत. आम्ही गप्प राहतो. पूर्वीही गप्पच असायचो, पण तेव्हा मध्ये मशीन वाजत असायचं.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. टेम्पो निघायच्या आधी भाभींनी मशीनचे पैसे एका उशीच्या खोळीत घालून माझ्याकडे दिले होते. विहाराचा जिना त्यांना चढता येत नव्हता. "तू दे," म्हणाल्या, "आणि तोंडाने सांग, पूर्ण आहेत म्हणून. नुसती मान हलवू नकोस."

संध्याकाळी बैठक होती. मी कधी बैठकीत बोलत नाही, मागे दाराशी बसते. त्या दिवशी उठून पुढे गेले आणि खोळ सुलोचनाताईंच्या समोर ठेवली.

"रशीदाभाभींचे पैसे," मी म्हटलं.

त्यांनी नोटा काढल्या, मोजल्या, व्याज धरून पुन्हा मोजल्या. चेहरा उजळला त्यांचा. खरंच आनंद झाला होता त्यांना. सगळ्या बायकांकडे बघून म्हणाल्या, "बघा, बोलल्या तसं केलं बाईने. म्हणजे भरली का गं त्यांची गादी?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "पैसे मात्र पूर्ण आहेत."